रविवारी अश्रू, बुधवारी तेच पाप: पुन्हापुन्हा पडणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी लढण्याची पद्धत

रविवारी उपासनेत डोळे भरून येतात, 'प्रभू, यापुढे कधीच नाही' असं मनापासून म्हटलं जातं. बुधवारी रात्री साडेअकराला तोच पलंग, तोच फोन, तेच पाप. गुरुवारी प्रार्थना टळते, शनिवारच्या प्रार्थनासभेला न जाण्याचं कारण सापडतं आणि रविवारी पुन्हा डोळे भरून येतात. काहींचं हे चक्र पंधरा-वीस वर्षं चालतं. अश्रू खोटे नसतात. लढायची वेळ चुकलेली असते. मोह अंगावर आल्यावर दातओठ खाऊन थांबणं ही सगळ्यात अवघड जागा, आणि बहुतेक जण नेमके तिथेच लढायला उभे राहतात. खरं काम असतं त्याच्या तीन-चार तास आधी, आणि पडलोच तर पडल्यानंतरच्या पहिल्या दिवसात.

पद्धतीकडे वळण्याआधी एक गाठ सोडवायला हवी. 'इतकं पडतो, म्हणजे माझं तारणच झालेलं नसेल' हा विचार अनेकांना आतून खातो. रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात पौल लिहितो की जे नकोसं वाटतं तेच हातून घडतं. हे वर्णन विश्वासणाऱ्याचं की त्याआधीच्या माणसाचं, हा जुना वाद आहे. खुद्द ऑगस्टीन या प्राचीन धर्मशास्त्रज्ञाने या प्रश्नावरचं आपलं मत पुढे बदललं. पण गलतीकरांस ५:१७ मध्ये देह आणि आत्मा एकमेकांविरुद्ध झगडतात असं जे म्हटलंय, ते मंडळीतल्या माणसांनाच उद्देशून आहे. झगडा चालू असणं हे जिवंतपणाचं लक्षण आहे. काळजी करायची ती झगडा थांबल्यावर. दुसरं असं, की रोमकरांस ८ मध्ये 'ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही' हे पहिल्या वचनात येतं आणि देहाची कर्मं ठार मारायची गोष्ट तेराव्या वचनात. हा क्रम उलटा लावला, म्हणजे आधी सुधारतो मग देव जवळ घेईल असं धरलं, की माणूस दोन महिन्यांत थकतो.

एकच पाप निवडा आणि त्याचं खरं नाव लिहा

शंभर पानी साधी वही घ्या. पहिल्या पानावर एकच पाप लिहा. सगळ्या आघाड्यांवर एकदम उतरलेला माणूस आठवड्याभरात सगळीकडून माघार घेतो. कोणतं निवडायचं हे ठरत नसेल तर दोन प्रश्न पुरतात: कोणत्या पापामुळे दुसऱ्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान होतंय, आणि कोणतं लपवायला मला सर्वांत जास्त खोटं बोलावं लागतं? बहुधा दोन्हींचं उत्तर एकच निघतं.

नाव लिहिताना भाषा सौम्य करू नका. 'माझा स्वभाव जरा तापट आहे' ही कबुली नाही, ती स्वतःची ओळख झाली. 'मी मुलांच्या देखत बायकोला घालून पाडून बोलतो' ही कबुली. 'डोळ्यांचा मोह' नको; 'रात्री सगळे झोपल्यावर फोनवर अश्लील व्हिडिओ पाहतो' असं लिहा. 'हिशेबात थोडं इकडेतिकडे' नको. 'महिला मंडळाच्या पैशांतून दोनदा घेतले, परत ठेवले नाहीत' असं लिहा. वही कुणाच्या हाती पडेल अशी भीती असेल तर खुणेचं अक्षर वापरा आणि दुसऱ्या कुणाचं नाव त्यात येऊ देऊ नका, पण एकदा तरी ते वाक्य पुरतं लिहून देवासमोर मोठ्याने वाचा. इथेच अनेकांना पहिल्यांदा जाणवतं की इतकी वर्षं प्रार्थनेतसुद्धा आपण गोलगोल बोलत होतो.

पहिला आठवडा: माग काढणे

लढणं थांबवायचं नाही, पण पहिल्या सात दिवसांचं मुख्य काम नोंदीचं. मोह आला की, मग पडलात किंवा निभावलात, पाच गोष्टी लिहा: वेळ, जागा, त्याआधीच्या तीन तासांत काय घडलं, शरीराची आणि मनाची अवस्था (भूक, थकवा, एकटेपणा, अपमान, कंटाळा), आणि त्या क्षणी मनाने दिलेली सबब, जशीच्या तशी. पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. 'आज दिवसभर राबलोय, एवढं तर चालेल', 'ती आधी बोलली', 'आता विचार आलाच आहे, म्हणजे पाप झालंच, मग पुरंच करू': प्रत्येकाच्या दोन-तीन ठरलेल्या सबबी असतात आणि त्या वर्षानुवर्षं शब्दही बदलत नाहीत.

नोंद कशी वाचायची हे शिकायला २ शमुवेल ११ची पहिली चार वचनं पुरेशी आहेत. राजे लढाईवर जायच्या दिवसांत दावीद यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठला. गच्चीवर फिरू लागला. स्त्री दिसली. चौकशी केली. ती उरीयाची बायको असल्याचं कळलं. तरी माणसं पाठवून तिला आणवलं. आपण सगळा दोष दिसण्याच्या क्षणावर टाकतो. पण त्याच्याआधी तीन दारं उघडी होती आणि त्याच्यानंतरही दोनदा मागे फिरता आलं असतं. याकोब १:१४-१५ मध्ये हीच साखळी थोडक्यात आहे: वासना ओढते, भुलवते, गर्भ धरते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणापर्यंत पोचतं.

आठवड्याच्या शेवटी नोंदींवर नजर टाका. बुधवारचं पाप साडेअकराला सुरू झालेलं नसतं, हे दिसेल. कदाचित ते सात वाजता सुरू झालं, साहेबांचं बोलणं मनात घोळवत लोकलमधून येताना. किंवा नऊ वाजता, घरच्यांशी अबोला धरून जेवताना. ती सात किंवा नऊची वेळ म्हणजे तुमची गच्ची.

दुसऱ्या आठवड्यापासून: आधीची दारं बंद करणे

मत्तय ५:२९-३० मधला डोळा उपटण्याचा आणि हात तोडण्याचा दाखला शब्दशः घ्यायचा नाही, हे सगळे मान्य करतात आणि मग त्याचा काहीच अर्थ घेत नाहीत. त्यात मागणी आहे ती किंमत मोजायची. काहीच गैरसोय झाली नसेल तर दार बंद झालेलं नाही, नुसतं लोटलंय.

फोनचं पाप असेल तर: फोन रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला, निजायच्या खोलीत नाही. गजराला दीडशे-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. 'अलार्मसाठी फोन जवळ लागतो' ही सबब त्याने संपते. ज्या ॲपवरून घसरण सुरू होते ते काढून टाका, आणि फोनमधल्या वेळमर्यादेचा पासवर्ड दुसऱ्या विश्वासू माणसाला घालायला सांगा. स्वतः घातलेलं कुलूप स्वतःच उघडता येतं. गाळणी लावणारी ॲप उपयोगी आहेत, पण त्यांवरच सगळी भिस्त ठेवणारा माणूस महिन्याभरात त्यांतली फट शोधून काढतो. म्हणून ती तिसरी भिंत, पहिली नव्हे.

रागाचं असेल तर नोंदीत बहुधा घरी पोचल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं सापडतील, भूक आणि थकवा दोन्ही असतात तेव्हाची. उपाय अगदी साधा वाटेल: स्टेशनवरच काहीतरी खाऊन घ्या, दारात शिरण्याआधी जिन्यात दोन मिनिटं थांबून प्रभूची प्रार्थना म्हणा, आणि पैशांचे, अभ्यासाचे विषय जेवणानंतरच काढायचे असं घरात सगळ्यांशी ठरवून टाका. इफिसकरांस ४:२६-२७ मध्ये राग दिवस मावळण्यापलीकडे नेऊ नका, सैतानाला जागा देऊ नका, असं आहे. रात्रभर सांभाळलेला राग सकाळी 'तत्त्वाचा प्रश्न' होऊन बसतो.

दारूचं असेल तर लग्नाच्या मांडवात निर्णय घ्यायला जाऊ नका, निर्णय घरून घेऊन निघा: कुणाबरोबर जायचं, कुठे बसायचं, किती वाजता निघायचं, आणि यजमानाला आधीच काय सांगून ठेवायचं. चहाडीचं असेल तर ती बहुतेकदा उपासनेनंतर चर्चच्या आवारातच होते (हे कटू आहे, पण खरं). तिथे थांबण्याची वेळच आटोपशीर ठेवा आणि 'त्यांच्यासाठी प्रार्थना करायला हवी हं' या वाक्यानंतर तपशील सांगायचा नाही, असा स्वतःला नियम घाला.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, पहिल्या जोशात पहाटे चारची प्रार्थना, आठवड्यातून तीन उपवास आणि रोज दहा अध्याय असा मोठा संकल्प सोडणं. चौथ्या दिवशी तो मोडतो आणि त्याच्याबरोबर सगळंच मोडतं. दुसरी चूक जागा रिकामी ठेवण्याची. मत्तय १२:४३-४५ मधलं घर झाडलेलं होतं, सजवलेलं होतं आणि रिकामं होतं. निघून गेलेला अशुद्ध आत्मा सात जणांना घेऊन परतला. इफिसकरांस ४:२८ पाहा: चोराने चोरी थांबवावी, हातांनी काम करावं, आणि गरजवंताला देण्यासाठी कमवावं. एक वजा, दोन जमा. साडेनऊनंतरची मोकळी झालेली वेळ कशाने भरणार हे वहीत लिहा: मुलांना गोष्ट वाचून दाखवणं, 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं एक गीत म्हणणं, आजारी नातेवाइकाला फोन. काहीही असो, ठरलेलं असावं.

मोहाच्या क्षणी

साखळी आधी तुटली नाही आणि मोह समोर उभाच राहिला, तर वाद घालू नका, जागा सोडा. योसेफाने पोटीफराच्या बायकोला याआधी अनेकदा नकार दिला होता, कारणंही सांगितली होती. शेवटच्या दिवशी तो अंगावरचं वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला (उत्पत्ती ३९:१२). उठा, दिवा लावा, खोलीबाहेर या, पाणी प्या, मोठ्याने प्रार्थना करा. मनातली प्रार्थना मोहाच्या विचारांत सहज मिसळून जाते. ओठांवरची तशी मिसळत नाही.

पाठ केलेली वचनं तीन पुरेत, तीस नकोत, पण ती पाचव्या रकान्यातल्या सबबींना नेमकी भिडणारी हवीत. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातूनच उत्तर दिलं (८:३, ६:१६, ६:१३), आणि प्रत्येक उत्तर समोरच्या सूचनेला थेट भिडणारं होतं. 'एवढं तर चालेल' ही सबब असेल तर उत्पत्ती ४:७, जिथे पाप दाराशी टपून बसलंय. 'मला थांबताच येत नाही' असेल तर १ करिंथकरांस १०:१३, जिथे निभावण्याचा मार्गही दिला जाईल असं वचन आहे. 'आता पाप झालंच आहे' असेल तर मोह होणं आणि पाप करणं यातला फरक आठवा: इब्री ४:१५ प्रमाणे येशूलाही सर्व प्रकारे मोह झाला, पाप नाही.

रात्रीची दहा मिनिटं

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी घालून दिलेली विवेकपरीक्षेची पद्धत आजही सर्वांत कामाची आहे, आणि ती वापरायला कॅथलिकच असावं लागतं असं नाही. पाच पायऱ्या: देवाचे आभार; पाप पाहण्यासाठी प्रकाश मागणं; दिवस तासातासाने आठवणं; क्षमा मागणं; उद्यासाठी ठरवणं आणि त्यासाठी कृपा मागणं. आभार पहिले का? कृतज्ञतेशिवाय आत डोकावणारा माणूस लवकरच फिर्यादी होतो, स्वतःचाच. एकाच पापाशी लढताना इग्नेशियस दिवसातून तीनदा थांबायला सांगतात: सकाळी निश्चय, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासणी. रोजच्या दोन रेघा आखायच्या, पडल्याच्या वेळा टिंबांनी मांडायच्या, मग सकाळची संध्याकाळशी, आजची कालशी आणि या आठवड्याची मागच्याशी तुलना करायची. मध्येच पडलात तर छातीवर हात ठेवून मनात खेद करायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात न येता हे जमतं.

एक इशारा. काहींची सद्सद्विवेकबुद्धी मुळातच जास्त टोचरी असते. एकदा कबूल केलेलं पाप पुन्हापुन्हा कबूल करणं, 'नीट सांगितलं का' म्हणून तासन्‌तास चाचपणं, प्रार्थनेचा एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करणं: अशांनी टिंबांची वही वापरूच नये. त्यांनी एकाच अनुभवी फादरचा किंवा पाळकांचा सल्ला घ्यावा, तो डोळे झाकून पाळावा, आणि हे सगळं आवरत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

पडल्यानंतरचे चोवीस तास

पहिलं पडणं मोहामुळे होतं. त्याच आठवड्यातलं दुसरं आणि तिसरं निराशेमुळे. 'आता आठवडा बिघडलाच' हे वाक्य सैतानाला पापापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

म्हणून पहिल्याच तासात देवाकडे वळा, अंघोळ करून, शांत होऊन, लायक वाटल्यावर नव्हे. १ योहान १:९ मधली क्षमा पाप पदरी घेण्यावर, म्हणजे कबूल करण्यावर आहे, थंड होण्याच्या मुदतीवर नाही. दावीद मूल जन्माला येईपर्यंत गप्प राहिला. स्तोत्र ३२:३-४ मध्ये त्या गप्पपणाचं वर्णन हाडं झिजण्यासारखं आहे. स्तोत्र ५१ सावकाश, मोठ्याने वाचा. त्यात सबब एकही नाही.

स्वतःला शिक्षा करू नका. तीन दिवस उपाशी राहून 'फेड' करणं म्हणजे वधस्तंभावर झालेल्या कामात आपली भर घालणं. उपवास चांगला, पण पुढच्या लढाईच्या तयारीसाठी. २ करिंथकरांस ७:१० मध्ये दोन दुःखं सांगितली आहेत: देवाला आवडणारं, जे पश्चात्तापाकडे नेतं, आणि जगाचं, जे मरणाकडे नेतं. ओळखायची खूण सोपी. पहिलं दुःख तुम्हाला माणसांकडे आणि वेदीकडे नेतं, दुसरं अंथरुणात तोंड लपवायला लावतं. येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा एकाच रात्रीचे. पेत्राला तर पडण्याआधीच सांगितलं होतं की 'तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर' (लूक २२:३२).

मग भरपाई. चोरलेले पैसे परत जायला हवेत. गणना ५:७ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा आहे, म्हणजे १०,००० घेतले असतील तर १२,०००. लूक १९ मधल्या जकातदार जक्कयाने चौपट कबूल केलं. हा आकडा आजचा कायदा नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. माफी मागताना चार गोष्टी बोला: मी काय केलं, त्याने तुझं काय नुकसान झालं, मी आता काय करणार आहे, मला क्षमा कर. 'पण' हा शब्द आला की माफी संपली. मात्र ज्या माणसाला तुमच्या मनातल्या पापाची कल्पनाच नाही, त्याच्यापुढे ते जाऊन ओतू नका. 'मी तुझ्याविषयी वासनेने विचार करत होतो' हे सांगून तुमचं ओझं हलकं होतं आणि तिचं वाढतं. ते देवाजवळ आणि सल्लागाराजवळ.

कॅथलिकांसाठी मार्ग आखलेला आहे. विषय गंभीर, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती, या तिन्ही गोष्टी असतील तर ते प्राणघातक पाप. ख्रिस्तशरीर (कम्युनियन) घेण्याआधी पापनिवेदन, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली, करावं. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, ते लांबलचक कथाकथन नव्हे: पापाचा प्रकार, साधारण किती वेळा, आणि पाप बदलवणारी परिस्थिती असेल तर तेवढीच. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा हे किमान ठरवलं. सवयीच्या पापाशी लढणाऱ्याने महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच फादरकडे जावं. धर्मगुरू हे गुपित कुणापुढेही उघड करू शकत नाही. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा संस्कार नाही, म्हणून पुढची पायरी तिथे जास्तच गरजेची ठरते, आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते.

एक माणूस

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. माणूस निवडताना: स्त्रीने स्त्री आणि पुरुषाने पुरुष, तुमच्यापेक्षा विश्वासात थोडा मुरलेला, ऐकून दचकणार नाही आणि हसण्यावारीही नेणार नाही असा, आणि मुख्य म्हणजे पोटात ठेवणारा. लहान मंडळीत सोमवारी सांगितलेली गोष्ट शुक्रवारी 'प्रार्थनाविनंती' म्हणून फिरते. म्हणून आधी छोटी गोष्ट सांगून महिनाभर वाट पाहा. ती बाहेर आली नाही, तर मोठी सांगा. नवरा किंवा बायको यांना अंधारात ठेवू नये, पण रोजचा पहारा त्यांच्यावर टाकू नये. संसाराचं पोलीस ठाणं होतं.

आठवड्यातून एकदा, अर्धा तास, ठरलेल्या वेळी भेटा. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी आपल्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले. त्यांतले प्रश्न आजही तसेच वापरता येतात: मागच्या भेटीनंतर कोणती पापं घडली, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही अशी शंका असलेलं काय केलं, बोललं, मनात आणलं? तिसरा प्रश्न लोक विसरतात. सुटका कशी झाली हे सांगताना पुढच्या वेळची वाट सापडते.

काही गोष्टी मात्र या अर्ध्या तासात मावणाऱ्या नाहीत. घरात मारहाण होत असेल किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर ती 'खाजगी आत्मिक लढाई' नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनासभेच्या जोशात एका रात्रीत दारू तोडू नये. थरथर, झटके, भ्रम येऊन जीव जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली किंवा पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून सोडावी. जीव नकोसा झाला असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आजच फोन करा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

कोरडे दिवस

दोन-तीन महिन्यांनी उत्साह ओसरतो. वचन वाचलं तर कागद चघळल्यासारखं वाटतं. इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) यांनी या अवस्थेचं वर्णन अगदी वेळेसकट करून ठेवलंय: सकाळी दहाच्या सुमारास ती येते, दुपारी दोनपर्यंत घेरते, सूर्य हलतच नाहीसा वाटतो, जागा नकोशी होते, इतर कुठेतरी जास्त चांगली सेवा करता येईल असं वाटू लागतं. त्यांचा मुख्य उपाय: खोली सोडायची नाही. इग्नेशियस हेच दुसऱ्या शब्दांत सांगतात, की मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. मंडळी बदलण्याचे, सल्लागार सोडण्याचे, 'हे सगळं आपल्यासाठी नाही' असले निर्णय बहुधा याच दिवसांत घेतले जातात. अशा वेळी वीस मिनिटांची प्रार्थना दहावर आणू नका. उलट एक मिनिट जास्त बसा.

प्रगती मोजायची ती फक्त 'किती दिवस पडलो नाही' यावर मोजू नका, नाहीतर ऐंशीव्या दिवशी पडल्यावर सगळं शून्य झाल्यासारखं वाटेल. वहीत चार गोष्टी पाहा: दोन पडण्यांमधलं अंतर, पडल्यापासून कबुलीपर्यंत गेलेले तास, साखळीतलं कितवं दार बंद झालं, आणि पाचव्या रकान्यातली सबब अजून किती खरी वाटते. आधी तीन आठवडे लपवणारा माणूस आता त्याच रात्री फोन करत असेल, तर टिंबं तेवढीच असूनही लढाई पालटलेली आहे.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे, रविवार सोडून, उपवासकाळाचे चाळीस दिवस या सगळ्याच्या उजळणीला सोयीचे. गेल्या वर्षीची पानं काढा, जुन्या सबबी वाचा. ज्या पापाचं नाव पहिल्या पानावर होतं ते शांत झालं असेल तर त्याच्याखालचं दिसू लागतं. बहुधा ते अधिक सभ्य असतं, जसं की मत्सर, किंवा न पडणाऱ्याचा गर्व. नवं पान घ्या, त्याचंही नाव पुरत्या वाक्यात लिहा, आणि सात दिवस माग काढा.